प्लेटपासून जखमेपर्यंत

सकाळी ८

आमच्या प्रयोगशाळेचा दिवस कालच्या कामाच्या निकालाने सुरू होतो. काल दुपारी चारला इनक्युबेटरमध्ये ठेवलेल्या प्लेट्सना आता सोळा तास झाले आहेत. त्या सोळा ते अठरा तासांच्या दरम्यान वाचायच्या. उशीर झाला की जिवाणूंचा थर दाट होतो, कडा पुसट होतात आणि मोजमाप मनासारखं बसवण्याचा मोह होतो. बाहेर यंत्रमागांची दिवसपाळी लागलेली असते. भिवंडीत हा ठेका खिडक्या लावल्या तरी आत येतोच, म्हणून तराजू आम्ही आतल्या भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर ठेवला आहे.

प्रकल्पाची मुलं माझ्या आधीच आलेली असतात. इनक्युबेटरचं दार उघडताच एक जण ओरडते, “मॅडम, झोन आला!” झोन म्हणजे आगरवर जिवाणूंच्या साईत उमटलेलं नितळ वर्तुळ. मध्ये सहा मिलिमीटरचा खळगा, त्यात चांदीच्या नॅनोकणांचं तपकिरी द्रावण, आणि भोवती जिवाणू वाढलेच नाहीत असा पट्टा. तिचा आनंद खरा आहे आणि मला तो विझवायचा नाही. पण मी तिला आधी बाकीचे खळगे पाहायला लावते. एकात नुसता कडुनिंबाच्या पानांचा काढा आहे, एकात नुसतं डिस्टिल्ड वॉटर. तिसऱ्यात सिल्व्हर नायट्रेट आहे, नॅनोकणांइतकीच चांदी, पण विरघळलेली, आयनच्या रूपातली.

पाण्याभोवती काही नाही. काढ्याभोवती काही नाही. सिल्व्हर नायट्रेटभोवतीचा झोन मात्र नॅनोकणांच्या झोनपेक्षा किंचित मोठाच आहे.

“म्हणजे नॅनो फेल?” ती विचारते.

तसं म्हणता येत नाही. आगर ही जाळी आहे. सुटा आयन तिच्यातून झपाट्याने सरकतो, नॅनोकण अडखळतो. त्यात आगरमधलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतं. त्यामुळे झोनचा व्यास सांगतो तो पदार्थ किती मारतो आणि किती लांब पोहोचतो, या दोन्हींची गोळाबेरीज. प्रतिजैविकांच्या चकत्यांसाठी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून तक्ते तयार झाले आहेत, अमुक मिलिमीटरच्या वर लागू, खाली लागू नाही. चांदीच्या कणांसाठी असा तक्ता नाही. तरी राज्यभरच्या पदवीच्या प्रकल्पांत झोन मोजून ‘हे प्रभावी औषध आहे’ असं लिहिलं जातं. हे मला मनापासून खुपतं. चांदी जिवाणू मारते यात शंका नाही, पण झोन दिसला तिथे काम संपलं असं मुलांनी मानावं, हे नको.

सकाळी ९.३०

नवी खेप करायची आहे. आवारातल्या कडुनिंबाची पानं मुलं धुऊन, चिरून आणतात. वीस ग्रॅम पानं, शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, पाच मिनिटं उकळी, मग गाळणी. दुसरीकडे तपकिरी बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट, एक मिलिमोलर, म्हणजे लिटरला साधारण ०.१७ ग्रॅम. हातमोजे घालाच, हे रोज सांगावं लागतं, कारण बोटावर पडलेला थेंब तासाभरात काळा डाग होतो आणि तो कातडी झडेपर्यंत जात नाही. भांडी नळाच्या पाण्याने धुतली असतील तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने हवं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि चांदी त्याच्याशी जुळून पांढुरका गढूळपणा येतो. एकदा मुद्दाम तसं करून दाखवलं की मुलं पुन्हा विसरत नाहीत.

वनस्पतीचा काढा वापरून धातूचे कण करायची ही रीत जगभर पसरली, त्यात पुण्याचा वाटा फार मोठा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे ५ ते १५ नॅनोमीटरचे कण करवून घेतले. पुढच्याच वर्षी त्याच गटाचं कडुनिंबाच्या पानांवरचं काम आलं, चांदीचे, सोन्याचे आणि सोन्यावर चांदीचा थर असलेले कण. अमरावतीला संत गाडगेबाबा विद्यापीठात महेंद्र राय आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चांदीच्या नॅनोकणांना जंतुनाशकांची नवी पिढी म्हणणारा आढावा लिहिला, आणि तो या विषयातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक ठरला. ही सगळी मंडळी आपल्या राज्यात, आपल्यासारख्याच बाकांवर बसून काम करत होती, हे मी मुलांना आवर्जून सांगते. भिवंडीच्या मुलाला ‘संशोधन’ म्हटलं की अमेरिकाच दिसते.

सकाळी ११

काढ्यात चांदीचं द्रावण मिसळलं की रंग बदलू लागतो. फिकट पिवळा, मग मधासारखा, मग गडद तपकिरी. काढ्यातले घटक चांदीच्या आयनला इलेक्ट्रॉन देतात, आयनचे अणू होतात, अणू एकत्र येऊन कण बनतात आणि काढ्यातलेच काही रेणू कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. रंग येतो तो कणांच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हिंदोळ्यामुळे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास आलेखाचं शिखर दिसतं. शिखर अरुंद असेल तर कण साधारण एकसारखे, पसरट असेल तर लहानमोठे मिसळलेले. खरा आकार पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो आमच्याकडे नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतात. तोवर वहीत ‘आकार: मोजायचा’ एवढंच लिहायचं.

लहान कणाचं महत्त्व काय, ते हिशेबाने कळतं. एक ग्रॅम चांदीचा घन केला तर त्याच्या सहाही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटर. त्याच ग्रॅमचे दहा नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर ५७ चौरस मीटर, म्हणजे सहाशे चौरस फुटांहून थोडं जास्त. भिवंडीत तेवढ्या जागेत एक कुटुंब राहतं. सगळी देवाणघेवाण पृष्ठभागावरच होते, त्यामुळे चिमूटभर चांदी पुष्कळ काम करते.

ते काम कसं होतं, यावर अजून वाद आहेत. चांदीचे आयन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना पकडतात, श्वसनाची साखळी अडते, आवरणाला भोकं पडतात, आत ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात. कण स्वतः मारतो की त्यातून सुटणारा आयन? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राणवायू पूर्ण काढून टाकून प्रयोग केला. प्राणवायू नसेल तर कणाच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होत नाही, आयन सुटत नाहीत. तिथे कणांनी ई. कोलायला जवळपास काहीच केलं नाही. माझं मत या प्रयोगाकडे झुकतं. कण हे आयनचं कोठार आहे, जिवाणूच्या अंगाला चिकटून हळूहळू रिकामं होणारं. सकाळी सिल्व्हर नायट्रेटचा झोन मोठा का आला, याचं अर्धं उत्तर इथे आहे. आयन एकदम मिळाले. पण जखमेत एकदम मिळालेला आयन एकदम संपतोही. तिथल्या स्रावातलं क्लोराइड आणि प्रथिनं त्याला गिळून टाकतात.

दुपारी १२.४५

डबा खाऊन झाला की आम्ही एखादा शोधनिबंध मिळून वाचतो. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा आहे, ‘मॉलिक्युलर फार्मास्युटिक्स’मध्ये २००९ साली आलेला. किशोर पाकणीकर, ज्युतिका राजवाडे आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचं जखमेवर लावायचं जेल तयार केलं, त्याची ही हकिगत. झोनपासून निघून माणसाच्या जखमेपर्यंत जायचं तर वाटेत काय काय करावं लागतं, हे दाखवणारा याहून चांगला मराठी मातीतला नमुना मला माहीत नाही.

मुलांना मी प्रत्येक पायरीवर थांबवते. कण ७ ते २० नॅनोमीटरचे. वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण, म्हणजे एमआयसी, मिलिलिटरला ०.७८ ते ६.२५ मायक्रोग्रॅम. ठार मारायला १२.५. हे केवळ संग्रहातल्या प्रमाणित जिवाणूंवर नाही, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवरही. मग वेळ: ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची संख्या हजारपटींनी खाली यायला पाच ते नऊ तास, ग्रॅम-पॉझिटिव्हना बारा तास. ग्रॅम-पॉझिटिव्हांची पेशीभिंत जाड असते.

“आणि मॅडम, अँटिबायोटिकबरोबर दिलं तर?” मागच्या बाकावरून प्रश्न येतो. उत्तर त्याच निबंधात आहे. सेफ्टाझिडिमबरोबर दोघांचा परिणाम वाढला. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनबरोबर नुसती बेरीज झाली. क्लोरॅम्फेनिकॉलबरोबर मात्र दोघं एकमेकांच्या आड आले. ‘चांदी मिसळली की कुठलंही औषध जोमदार होतं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी हीच ओळ दाखवते.

त्यानंतरची पानं मुलं उलटून पुढे जाऊ पाहतात, आणि मी जाऊ देत नाही. मानवी पेशींवर कणांचा विषारी परिणाम कुठल्या प्रमाणापासून सुरू होतो. दाहाशी संबंधित विकरांवर काय होतं. उंदरांच्या कातडीवर जेल लावून काय दिसलं. जिवाणू मारणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, ॲसिडही मारतं. जिवाणू मरावा आणि शेजारची नवी कातडी धरू पाहणारी पेशी जगावी, या दोन प्रमाणांमधल्या अंतरात औषध असतं. हे अंतर मोजलेलं नसेल तर हातात फक्त विष आहे.

चांदी जखमेवर जुनीच आहे. जर्मनीत कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि प्रसूतीत लागणाऱ्या संसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. भाजलेल्या जखमेवर लावतात ते पांढरं मलम तेच. पुण्याच्याच टाटांच्या प्रयोगशाळांतून भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी बसवलेला पाण्याचा फिल्टर निघाला आणि डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला. प्रतिजैविकं आल्यावर धातू मागे पडले होते. ती निकामी होऊ लागल्यावर पुन्हा आठवले. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगात १२ लाख ७० हजार, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हा आकडा सांगितला की वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही. बऱ्याच जणांनी घरी कोणाला तरी आयसीयूत पाहिलेलं असतं.

दुपारी २

हा दिवसातला माझा आवडता भाग, कारण इथे भिवंडी प्रयोगशाळेत येते. एका विद्यार्थिनीच्या घरी माग आहेत. ती ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा तागा कापून आणते. सुती, पातळ विणीचं, बँडेजला चालेल असं. मुलांना वाटतं, बुडवलं चांदीत की झालं. पण मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते. सायझिंगमध्ये बीम भरताना ताण्याच्या सुताला खळ देतात, नाहीतर मागावर सूत तटातट तुटेल. ती खळ आणि कापसाचं मूळचं मेण आड असेल तर कण धाग्याला नव्हे, खळीला चिकटतात आणि पहिल्याच धुण्यात वाहून जातात.

तिने घरून आणलेलं हे ज्ञान माझ्या पुस्तकात नव्हतं. आयोडीनचा थेंब टाकला की कापडावर निळा डाग येतो, म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. अमायलेज घातलेल्या कोमट पाण्यात भिजवायचं, मग कॉस्टिक सोड्यात उकळायचं, सोडा निघेपर्यंत धुवायचं, पुन्हा आयोडीन. निळं उमटेनासं झालं की मगच कणांच्या द्रावणात बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं. पांढरं कापड मंद पिवळसर होतं.

चाचणीही झोनची नाही. कापडाच्या गोल तुकड्यांवर मोजून जिवाणू सोडायचे, चोवीस तासांनी ते धुऊन काढायचे आणि किती जिवंत उरले ते वसाहती मोजून पाहायचं. शेजारी चांदी नसलेलं तेच कापड, तसंच धुतलेलं, तसंच उकळलेलं. ते नसेल तर जिवाणू चांदीने मेले की धुण्यात उरलेल्या कॉस्टिकने, हे कधीच कळणार नाही.

इथे दरवेळी एक वाद होतो. कापडाच्या धंद्यातली मुलं म्हणतात, “मॅडम, असे शर्ट, असे मोजे काढले तर केवढं मार्केट आहे!” बाजारात तसे मोजे मिळतातही. मी ठाम विरोधात आहे. २००८ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी असे मोजे पाण्यात धुऊन चांदी मोजली. काहींतली चांदी मोजक्या धुण्यांत जवळपास सगळीच पाण्यात उतरली. ते पाणी भिवंडीत कुठे जाणार? कामवारीत. त्या नदीची काय अवस्था आहे हे इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. सांडपाणी शुद्ध करणारे अमोनिया खाणारे जिवाणूही चांदीने मरतात. गटारातल्या गाळात बरीचशी चांदी गंधकाशी जुळून कमी घातक होते हे खरं, पण म्हणून घामाच्या वासासाठी ती ओतत राहावी का? जखमेवरचं ड्रेसिंग वेगळं. ते एकदा वापरायचं, पिवळ्या पिशवीत टाकायचं आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाने जाळायचं. तिथे प्रत्येक मायक्रोग्रॅमचं कारण असतं.

दुपारी ४

९६ खळग्यांची प्लेट भरायची वेळ. इथे बोलणं बंद. पहिल्या खळग्यात कणांचं प्रमाण सर्वाधिक, पुढे प्रत्येकात निम्मं. प्रत्येकात मिलिलिटरला सुमारे पाच लाख जिवाणू. चांदीचं द्रावण मुळातच तपकिरी, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही. म्हणून उद्या रिसाझुरिन घालू. जिवंत पेशी त्याचा निळा रंग गुलाबी करतात. जे खळगे निळे राहतील त्यातल्या शेवटच्या, सर्वांत विरळ खळग्यातलं प्रमाण म्हणजे एमआयसी. आम्ही फक्त संग्रहातून आणलेले प्रमाणित जिवाणू वापरतो. रुग्णाच्या पुवातले जिवाणू कॉलेजच्या बाकावर आणू नयेत, त्याला परवानगी आणि वेगळी सुरक्षा लागते.

सायंकाळी ५.३०

आवराआवर. वापरलेल्या प्लेट्स १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय दाराबाहेर जात नाहीत. चांदीचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये नाही. ते एका कॅनमध्ये साठवायचं, मीठ घालायचं, सिल्व्हर क्लोराइड तळाला बसू द्यायचं.

सायंकाळी ७

आमच्या गल्लीतले जॉबर काका दाराशी येतात. आयुष्य मागांच्या दुरुस्तीत गेलं, मधुमेह जुना, आणि आता पायाच्या अंगठ्याखाली जखम. “बाई, तुमच्या त्या चांदीचं काही देता का? फार दिवस झाले, सुकत नाही.”

देत नाही. आमचं द्रावण माणसासाठी नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. मग खाली बसून विचारते, साखर कधी तपासली, पाय बधिर वाटतो का, बोटं काळी-निळी दिसतात का. मधुमेहाच्या पायात जिवाणू हा एकच शत्रू नसतो. रक्त नीट पोहोचत नसेल, मेलेलं मांस डॉक्टरांनी कापून काढलं नसेल, त्याच पायावर दिवसभर उभं राहून काम चालू असेल, तर जगातलं कुठलंही मलम पुरत नाही. हाडापर्यंत संसर्ग गेला तर पोटातून नाहीतर शिरेतून औषध लागतं. चांदी वरूनच लावायची, रक्तात सोडायची वस्तू ती नाही. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग होतं, उद्या सकाळी जा, मुलाला बरोबर न्या. खिशातली मेडिकलमधून सुटी आणलेली दोन अँटिबायोटिकची पाकिटं ते दाखवतात. बरं वाटलं की बंद, पुन्हा दुखलं की चालू. यातूनच ते जिवाणू पोसले जातात ज्यांच्यासाठी मी दिवसभर चांदी घोटते.

पिण्याच्या चांदीबद्दलही ते विचारतात, मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं. तसं पाणी महिनोन्महिने घेणाऱ्यांची कातडी राखाडी-निळी होते आणि ती परत उजळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशा विकत मिळणाऱ्या चांदीच्या द्रावणांना सुरक्षित वा परिणामकारक मानायला नकार दिला. मी काकांना एवढंच सांगते की ते पिऊ नका, आणि घरात कोणाला पिऊ देऊ नका.

रात्री ९.३०

वही लिहिते. आज सकाळी एका मुलाने विचारलं होतं, चांदीला तरी जिवाणू सरावणार नाहीत ना? सरावतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या विभागात १९७० च्या दशकात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला पसरला, रुग्ण दगावले. त्याच्या प्लाझ्मिडवरचे चांदी बाहेर फेकणारे जीन १९९९ मध्ये उलगडले. नॅनोकणांविरुद्धची युक्ती आणखी वेगळी. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की कणांच्या सहवासात पिढ्या काढलेला ई. कोलाय फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडतो. त्याने कण गोळा होऊन साकळतात आणि निकामी होतात. डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला की फ्लॅजेलिन बनणं रोखलं जातं आणि चांदी पुन्हा लागू पडते. सोलापूर, नाशिककडे डाळिंबाच्या सालींचे ढीग फेकले जातात. पुढच्या सत्रात कोणीतरी हा प्रकल्प घ्यावा, असं समासात लिहून ठेवते.

उद्याचं काम: आजचीच ९६ खळग्यांची प्लेट पुन्हा, पण निम्म्या खळग्यांत बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून, म्हणजे जखमेतल्या प्रथिनांचा थोडा तरी अंदाज येईल. एमआयसी किती पटींनी चढतो ते पाहायचं. आणि सकाळी झोन पाहून ओरडलेल्या मुलीला प्रकल्पाच्या शीर्षकातून ‘औषध’ हा शब्द काढायला सांगायचा आहे. तिथे ‘प्रमाणित जिवाणूंवरील प्राथमिक चाचणी’ लिहील. चिडेल थोडी. पण चार वर्षांनी ती आघारकरसारख्या एखाद्या संस्थेच्या मुलाखतीला बसली, तर तिला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे असेल.